नाव छापले, आधार कुठे आहे?

उत्तेजक द्रव्यांच्या बातमीत तीन गोष्टी असतात. खेळाडूचे नाव, त्याच्यावरचा आरोप आणि त्या आरोपाचा आधार. पहिल्या दोन गोष्टी ठळक मथळ्यात येतात. तिसरी बहुतेक वेळा खाली कुठेतरी पाचव्या-सहाव्या परिच्छेदात असते, आणि तिथेही ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ एवढेच लिहिलेले असते. तिथवर वाचणारे थोडेच. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, शिक्षकांच्या खोलीत आणि घराघरांत एकच वाक्य फिरते, ‘तो तर औषधे घेऊन खेळत होता म्हणे!’

या ‘म्हणे’चे काय करायचे, हा या महिन्याचा विषय आहे. प्रश्न खेळाचा वाटतो, पण एखाद्याचे नाव बदनामीशी जोडण्याआधी आपण काय विचारायला हवे, हा त्यातला खरा मुद्दा आहे. काही खऱ्या घटना पाहू, म्हणजे तो नीट समजेल.

पहिली घटना अमेरिकेतली आहे. आपल्याकडे क्रिकेटचे जे वेड आहे, तसेच तिकडे बेसबॉलचे आहे. २००६ साली जेसन ग्रिम्सली नावाच्या एका बेसबॉल खेळाडूच्या घराची तपास अधिकाऱ्यांनी झडती घेतली. झडतीची परवानगी मिळवण्यासाठी त्यांनी कोर्टात एक प्रतिज्ञापत्र दिले होते. ग्रिम्सलीने आपल्याला आणखी कोणकोणत्या खेळाडूंबद्दल सांगितले, हे त्यात लिहिले होते. प्रतिज्ञापत्र लोकांसमोर आले, तेव्हा ती नावे काळ्या शाईने झाकलेली होती. कारण उघड आहे. एका माणसाने दुसऱ्याबद्दल अधिकाऱ्याला काही सांगितले, एवढ्याने दुसरा दोषी ठरत नाही.

पण झाकलेले नाव दिसले की ते ओळखण्याची घाई होते. १ ऑक्टोबर २००६ रोजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या मोठ्या आणि प्रतिष्ठित वर्तमानपत्राने शाईखाली कोणती नावे आहेत, ते छापून टाकले. त्यांत रॉजर क्लेमेन्स आणि अँडी पेटिट हे त्या काळातले दोन अतिशय नामवंत खेळाडू होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी वकिलाने लगेच जाहीर केले की या बातमीत मोठ्या चुका आहेत. त्याकडे किती जणांनी लक्ष दिले असेल? नावे तर देशभर पोहोचली होती.

डिसेंबर २००७ मध्ये कोर्टाने ते प्रतिज्ञापत्र पूर्ण खुले केले. काळी शाई निघाली. क्लेमेन्सचे नाव त्यात नव्हते. पेटिटचेही नव्हते. वर्तमानपत्राने चूक मान्य केली आणि दिलगिरी छापली. मधे जवळजवळ पंधरा महिने गेले होते.

इथे गोष्ट संपली असती, तर ती सोपी होती. पण ती इथे संपत नाही, आणि पुढचा भागच जास्त महत्त्वाचा आहे.

प्रतिज्ञापत्र खुले होण्याच्या एक आठवडा आधी, १३ डिसेंबर २००७ रोजी, माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा बेसबॉलमधल्या उत्तेजकांवरचा चौकशी अहवाल आला. त्यात क्लेमेन्स आणि पेटिट या दोघांचीही नावे होती, ती त्यांच्या प्रशिक्षकाच्या जबानीवरून. दोनच दिवसांत पेटिटने कबूल केले की २००२ मध्ये दुखापतीतून लवकर बरे होण्यासाठी त्याने वाढीचे संप्रेरक घेतले होते. क्लेमेन्सने मात्र आरोप साफ नाकारला. अमेरिकी संसदेच्या समितीसमोर तो खोटे बोलला, असा खटला त्याच्यावर चालला आणि जून २०१२ मध्ये ज्युरीने त्याला सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडले.

आता कुणी म्हणेल, ‘बघा, पेटिटने घेतलेच होते ना? मग वर्तमानपत्र बरोबरच होते.’ नाही, बरोबर नव्हते. वर्तमानपत्राने सांगितले होते की अमुक कागदात अमुक नाव आहे. कागदात ते नाव नव्हते. पुढे दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या साक्षीने काही खरे निघाले, म्हणून आधीची खोटी बातमी खरी होत नाही. वर्गात एखाद्या मुलाने गणिताचे उत्तर अंदाजाने लिहिले आणि ते नेमके बरोबर आले, तरी आपण त्याला रीत विचारतोच. रीत नसेल तर पुढच्या गणितात तोच अंदाज चुकणार, हे शिक्षकाला ठाऊक असते. बातमीचेही तसेच आहे. अंदाजाने घेतलेले एक नाव पुढे दोषी निघेल, दुसरे निर्दोष निघेल, पण छापले गेले त्या दिवशी दोघांनाही सारखीच शिक्षा झालेली असते.

दुसरी घटनाही बेसबॉलचीच आहे, पण तिचा पेच वेगळा आहे. २००३ साली खेळाडूंच्या संघटनेने आणि लीगने मिळून ठरवले की या वर्षी सगळ्यांची चाचणी घ्यायची, पण नावे गुप्त ठेवायची आणि कुणाला शिक्षा करायची नाही. उत्तेजकांचा प्रसार किती आहे, एवढेच त्यांना पाहायचे होते. पाच टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले, तर पुढच्या वर्षापासून शिक्षेसह चाचण्या सुरू करायच्या, असा करार होता. प्रमाण पाचाच्या वर गेले आणि चाचण्या सुरू झाल्या. इथवर सगळे ठरल्याप्रमाणे घडले.

पण २००४ मध्ये वेगळ्याच एका प्रकरणाच्या तपासात सरकारी अधिकारी चाचणी करणाऱ्या कंपन्यांकडे पोहोचले. परवानगी दहा खेळाडूंच्या माहितीची होती, त्यांनी सगळ्यांचीच माहिती उचलली. ही जप्ती बेकायदा होती, असे पुढे अपील कोर्टाने ठरवले. तोपर्यंत ‘यादी’तली नावे एकेक करून बाहेर पडू लागली होती. ३० जुलै २००९ रोजी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने डेव्हिड ऑर्टिझ याचे नाव छापले. आधार काय, तर यादी माहीत असलेले वकील, आणि त्या वकिलांची नावे गुप्त! ऑर्टिझच्या नमुन्यात कोणते द्रव्य सापडले, हे बातमीत नव्हते. म्हणजे ज्याने नाव सांगितले त्याला संरक्षण मिळाले, आणि ज्याला गुप्ततेचा शब्द दिला होता त्याचे नाव चव्हाट्यावर आले. आणि ऑर्टिझने उत्तर तरी कशाला द्यायचे? कोणते औषध, कोणता नमुना, कोणती तारीख, यांतले काहीच समोर नसेल तर माणूस फक्त ‘मी नाही घेतले’ एवढेच म्हणू शकतो, आणि ते तर दोषी माणूसही म्हणतो.

२०१६ मध्ये बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी सांगितले की त्या यादीतल्या किमान दहा निकालांबद्दल शास्त्रीय शंका होत्या, आणि अशा यादीवरून ऑर्टिझला तोलणे योग्य नाही. सात वर्षांनी आलेला हा खुलासा. २०२२ मध्ये ऑर्टिझची बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवड झाली. त्या वेळच्या चर्चेतही ती २००३ ची यादी होतीच.

कुणी म्हणेल, चाचणीच्या निकालात कसली शंका? यंत्र खोटे बोलते का? म्हणून चाचणी कशी होते, ते थोडक्यात पाहू. खेळाडूची लघवी घेतली की ती दोन बाटल्यांत भरून मोहोरबंद करतात. एकीला ‘ए’ नमुना म्हणतात, दुसरीला ‘बी’. आधी ‘ए’ तपासतात. त्यात काही आढळले तर खेळाडूला कळवतात, आणि त्याला ‘बी’ तपासून घेण्याचा हक्क असतो. ‘बी’मध्ये ते द्रव्य सापडले नाही, तर प्रकरण तिथेच मिटते. दुसरी बाटली ठेवली आहे ती याचसाठी, की पहिल्या बाटलीला अंतिम शब्द मानायचे नाही.

केनियात जन्मलेला धावपटू बर्नार्ड लगाट याच्या बाबतीत २००३ मध्ये हेच घडले. त्याच्या ‘ए’ नमुन्यात रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे द्रव्य असल्याचे सांगण्यात आले. पॅरिसची जागतिक स्पर्धा त्याच्या हातून गेली. नंतर ‘बी’ नमुना तपासला, त्यात ते आढळले नाही. लगाट निर्दोष ठरला. २००७ मध्ये ओसाकाच्या जागतिक स्पर्धेत त्याने १५०० आणि ५००० मीटर अशी दोन सुवर्णपदके जिंकली, तेव्हा तो अमेरिकेकडून धावत होता. पॅरिसची शर्यत मात्र त्याला कुणी परत दिली नाही.

क्रिकेटमधले उदाहरण आपल्या जास्त जवळचे आहे. श्रीलंकेचा यष्टिरक्षक-फलंदाज कुसल परेरा डिसेंबर २०१५ मध्ये न्यूझीलंड दौऱ्यावर होता. त्याच्या नमुन्यात स्टेरॉईडचा अंश सापडल्याचे कतारच्या प्रयोगशाळेने कळवले. त्याला दौऱ्यावरून परत पाठवले, तात्पुरते निलंबित केले आणि चार वर्षांच्या बंदीची चर्चा सुरू झाली. बातम्यांमध्ये तर निकाल लागूनच गेला होता. परेरा म्हणत राहिला की मी जाणूनबुजून काही घेतलेले नाही. त्याच्या बाजूने वकील उभे राहिले, शास्त्रीय तपासणी मागितली. मे २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आरोप मागे घेतला, कारण प्रयोगशाळेचा निष्कर्षच टिकला नाही. मधल्या काळात भारतात झालेला टी-ट्वेंटी विश्वचषक त्याच्याविना पार पडला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने, म्हणजे वाडाने, कतारच्या त्या प्रयोगशाळेची मान्यता काही महिने स्थगित केली.

क्रिकेट पाहणाऱ्यांना परेरा आठवतो तो फेब्रुवारी २०१९ च्या डर्बन कसोटीसाठी. नऊ गडी बाद झालेले, शेवटच्या जोडीला ७८ धावा हव्या होत्या, आणि त्याने नाबाद १५३ धावा करून दक्षिण आफ्रिकेच्या हातातून सामना काढून आणला. चार वर्षांची बंदी लागली असती, तर त्या दिवशी तो मैदानावर नसता. शिवाय परेराच्या मागे वकिलांचा खर्च उचलणारे क्रिकेट मंडळ होते. जिल्हा पातळीवर धावणाऱ्या एखाद्या मुलीच्या मागे कोण उभे राहणार?

म्हणून सगळ्या चाचण्या खोट्या, असा अर्थ कुणी काढू नये. बहुतेक चाचण्या बरोबर असतात आणि उत्तेजकांचा रोग खरा आहे. आपल्या देशातही तो आहे. पण प्रयोगशाळा माणसेच चालवतात. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचीही मान्यता वाडाने ऑगस्ट २०१९ मध्ये स्थगित केली होती, ती डिसेंबर २०२१ मध्ये परत मिळाली. म्हणूनच नियमांत ‘बी’ नमुना आहे, सुनावणी आहे, अपील आहे. खेळाडूला कळवल्यानंतर संस्थेला त्याचे नाव जाहीर करता येते, पण ते जाहीर करणे सक्तीचे होते अंतिम निर्णय झाल्यावरच. आणि खेळाडू अल्पवयीन असेल तर तेव्हाही सक्ती नाही. नियम लिहिणाऱ्यांना नावाची किंमत समजलेली आहे.

शब्दांचीही एक गडबड होते. ‘चाचणीत सापडला’ आणि ‘फसवणूक केली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युसुफ पठाणच्या बाबतीत २०१८ च्या सुरुवातीला बातमी आली, ‘डोपिंगमध्ये दोषी’. ते खरेच होते, त्याच्या नमुन्यात बंदी असलेले द्रव्य सापडले होते. पण ते खोकल्याच्या औषधातून नकळत शरीरात गेले, हा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला, आणि पाच महिन्यांचे निलंबन मागच्या तारखेपासून दिले. औषध तपासून घ्यायला हवे होते, ही हयगय त्याची. पण मथळ्यातल्या त्या एका शब्दाने खोकल्याचे औषध आणि जाणूनबुजून टोचलेले स्टेरॉईड एकाच पंगतीत बसवले.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर हा लेख अपुरा राहील. वर्तमानपत्रांनी निकाल लागेपर्यंत गप्पच बसायचे का? तसे झाले असते तर सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचे खोटे आणखी किती वर्षे चालले असते कोण जाणे. त्याने सात वेळा ‘टूर द फ्रान्स’ जिंकली होती. कॅन्सरवर मात करून आला म्हणून जगभर त्याचे कौतुक होते. आयर्लंडचे पत्रकार डेव्हिड वॉल्श यांनी अनेक वर्षे त्याच्याबद्दल प्रश्न विचारले. २००४ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने ते प्रश्न छापले, तेव्हा आर्मस्ट्राँगने बदनामीचा दावा लावला आणि २००६ मध्ये वर्तमानपत्राला तीन लाख पौंड देऊन तडजोड करावी लागली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने सगळे पुरावे मांडले, त्याची सातही जेतेपदे गेली. जानेवारी २०१३ मध्ये दूरदर्शनवरच्या मुलाखतीत त्याने स्वतः कबुली दिली. नंतर वर्तमानपत्राशी त्याला पुन्हा तडजोड करावी लागली.

म्हणजे नाव घेणे चूक नाही. मग वॉल्श आणि ती अंदाजाने छापलेली नावे यांत फरक काय? वॉल्श यांच्याकडे स्वतःच्या नावानिशी बोलणारी माणसे होती. आर्मस्ट्राँगच्या संघात मालिश करणाऱ्या एमा ओरायली यांनी आपण काय पाहिले ते उघडपणे सांगितले आणि त्याची किंमतही मोजली, कारण आर्मस्ट्राँगने त्यांच्यावरही दावा लावला. काय घडले, कुठे घडले, कुणी पाहिले, हे तपासता येईल अशा रीतीने मांडलेले होते. त्यामुळे आरोप झालेल्या माणसाला उत्तर देता येत होते, आणि वाचकालाही तोलून पाहता येत होते. बातमी कोणत्या पायावर उभी आहे, ते सगळ्यांना दिसत होते. शाईखालचे नाव ओळखणे किंवा गुप्त वकिलाच्या तोंडून यादीतले नाव ऐकणे, यांत तो पाया वाचकाला दिसतच नाही.

आपल्या घरांत ‘तोहमत’ हा शब्द हलका मानत नाहीत. कुणाबद्दल काही कानावर आले तर दादी-नानी पहिला प्रश्न विचारत, ‘तू स्वतः पाहिलंस का? नाही, तर मग कोणी पाहिलं?’ वर्तमानपत्र उघडताना आणि मोबाईल हातात घेताना हाच प्रश्न जवळ ठेवायला हवा. मिचेल अहवाल आला त्या दिवशी, तो जाहीर होण्याआधीच एक खोटी यादी पसरली होती. अमेरिकेतल्या एका टीव्ही वाहिनीनेही ती दिली. त्यात अल्बर्ट पुहोल्स या मोठ्या खेळाडूचे नाव होते. खऱ्या अहवालात ते नव्हतेच. वाहिनीने माफी मागितली. ही गोष्ट आपल्या हातात व्हॉट्सॲप येण्याच्या आधीची आहे. आज अशी यादी पसरवायला वाहिनीची गरज नाही, आपल्यापैकी कुणीही तेवढे काम करू शकतो.

म्हणून घरात अशी बातमी आली, तर मुलांना जवळ बसवून चार प्रश्न विचारावेत. एक, हा नुसता आरोप आहे, चाचणीचा पहिला निकाल आहे की अंतिम निर्णय? दोन, कोण सांगत आहे, आणि त्याने स्वतःचे नाव दिले आहे का? तीन, कोणते द्रव्य, कोणता नमुना, कोणती तारीख, हे सांगितले आहे का? चार, ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे छापले आहे का? चारपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर ती बातमी वाचावी, लक्षात ठेवावी, पण पुढे पाठवू नये. आणि महिन्या-दोन महिन्यांनी मुलांनाच विचारावे, ‘त्या प्रकरणाचे पुढे काय झाले रे?’ खुलासा आतल्या पानावर दोन ओळींत येतो. तो शोधून वाचण्याची सवय लागली, तर मुलगा पुढे वाचक म्हणून घडेल.

मुले मैदानावर जाणारी असतील, तर आणखी एक गोष्ट. ताकद वाढवणारी पावडर, गोळी, जिममधल्या कुणी दिलेली बाटली, आणि आजारपणात घेतलेले साधे औषधसुद्धा, डॉक्टरांना आणि प्रशिक्षकाला दाखवल्याशिवाय घेऊ देऊ नका. औषधाची चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा. उद्या कुणी बोट दाखवलेच, तर त्या मुलाच्या हातात दाखवायला काहीतरी हवे.

वर्तमानपत्रांनी काय छापावे, हे आपल्या हातात नाही. पण आपण कोणते वाक्य पुढे सांगतो, ते पूर्णपणे आपल्या हातात आहे. खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची. त्यातले एक वर्ष खोट्या बोलण्यात गेले, तर ते त्याला कुणीच परत देऊ शकत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणाले, ‘तो तर औषधे घेतो म्हणे,’ तर शांतपणे एवढेच विचारा, ‘कशावरून?’ उत्तर मिळाले तर ऐकून घ्या. नाही मिळाले, तर ते वाक्य तुमच्याजवळच थांबू द्या.